वॉर्डातली नजर आणि पेशंटची सुरक्षितता: नव्या नर्सेसचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंग पूर्ण करून पहिल्यांदा एकटीने नाईट करणाऱ्या मुली आणि ब्रदर मला प्रश्न पाठवत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. मी बरीच वर्षं मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डात काढली, नंतर शिकवायला लागले. इथले आकडे प्रौढ पेशंटचे आहेत. अपवाद प्रश्न १७ मध्ये आहेत. तुमच्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल असेल तर आधी तो पाळा.

१. क्लिनिकल जजमेंट म्हणजे नेमकं काय? निदान करणं तर डॉक्टरांचं काम ना?

निदान डॉक्टरांचंच. पण डॉक्टर पेशंटजवळ दिवसातून काही मिनिटं असतात आणि आपण आठ तास. या मधल्या वेळात पेशंटमध्ये काय बदललं ते ओळखायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि आता काय करायचं ते ठरवायचं, हे काम आपलं. समजा, ऑपरेशन झालेला पेशंट संध्याकाळी दुखतंय म्हणून कण्हत होता. रात्री दहाला तो एकदम गप्प झालाय, कपाळावर घाम आहे, पल्स ८४ वरून ११८ वर गेलीय. "आत रक्तस्राव होतोय" असं केस पेपरवर लिहिणं माझं काम नाही. पण "झोप लागली वाटतं" म्हणून पुढच्या बेडकडे गेले, तर ती चूक माझी.

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये याचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर विचार करणं. मी जेवढे घात पाहिले त्यातले बहुतेक पहिल्याच टप्प्यावर झाले. कुणी बघितलंच नव्हतं.

२. मी एएनएम (गावपातळीवरची सहायक परिचारिका-प्रसाविका) आहे, उपकेंद्रात एकटी असते. मला स्वतः किती ठरवता येतं?

शासनाच्या सूचनांनी आणि तुमच्या प्रशिक्षणाने दिलंय तेवढं, आणि ते थोडं नाही. गरोदर बाईला बीपी वाढून झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस एएनएमने द्यायचा आहे: ५० टक्क्यांचं औषध, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, असे एकूण १० ग्रॅम, खोल स्नायूत. मग डाव्या कुशीवर ठेवून १०८ ने पुढे पाठवायचं. इथे कुणाच्या फोनची वाट बघण्यात बाईचा जीव जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र हमखास राहते. रेफर चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि वेळ ठळक लिहा. नाहीतर पुढच्या रुग्णालयात तोच डोस पुन्हा दिला जाण्याची भीती असते.

३. मी नवीन आहे. सीनियर सिस्टर दारातून बघून सांगतात "हा पेशंट बिघडणार". मला ते कधी जमणार?

पेट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या सांगितल्या. नवशिकी नर्स नियमांच्या आधाराने चालते, निष्णात नर्सला संपूर्ण चित्र एकदम दिसतं. पण ती दृष्टी वर्षं मोजून आपोआप येत नाही. वीस वर्षं नोकरी होऊनही न बघणारी माणसं मी पाहिली आहेत.

माझ्या विद्यार्थिनींना मी एकच सवय लावते. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, घेताना ती फाईलवर न घेता बेडजवळ उभं राहून घ्यायची, आणि प्रत्येक पेशंटबद्दल मनाशी एक प्रश्न विचारायचा: "आज रात्री याचं काय बिघडू शकतं?" थायरॉइडच्या ऑपरेशनच्या पेशंटचा गळा सुजून श्वास अडकू शकतो. मग तुम्ही आपोआप त्याचं ड्रेसिंग बघाल, त्याला बोलायला लावून आवाज ऐकाल आणि मानेच्या मागे हात घालून रक्त साचलंय का तेही पाहाल. सकाळी घरी जाण्याआधी आपला अंदाज खरा ठरला का ते तपासा.

४. परदेशातल्या परीक्षेत क्लिनिकल जजमेंटवर प्रश्न येतात म्हणे. वेगळा अभ्यास करावा लागतो का?

अमेरिकेची एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची, परीक्षा एप्रिल २०२३ पासून नव्या स्वरूपात आहे. त्यात एका पेशंटची हकीकत, नोंदी, रिपोर्ट देतात आणि विचारतात: यातलं महत्त्वाचं काय, कशाची शक्यता जास्त, आधी काय कराल, केलेल्याचा उपयोग झाला हे कशावरून? तिथल्या प्रॅक्टिकल नर्सच्या परीक्षेतही हेच. प्रश्न ३ मधली सवय रोज वॉर्डात केली, तर अर्धा अभ्यास तिथेच होतो.

५. राऊंडमध्ये एका पेशंटला दोन मिनिटंच मिळतात. सगळ्यात आधी काय बघायचं?

श्वास.

कोणत्याही वॉर्डातला टीपीआर (ताप, पल्स, श्वास) चार्ट उघडा. पल्स बदललेली दिसेल, तापाची रेघ वर-खाली झालेली दिसेल, आणि श्वासाच्या रकान्यात सकाळ-संध्याकाळ २०, २०, २०. सगळ्या वॉर्डाचा श्वास २० कसा असेल? मोजलेलाच नसतो.

मी नवीन होते तेव्हा पायाच्या जखमेसाठी एक शेतकरी दाखल होते. त्यांच्या चार्टवर ओळीने २० होते आणि शेवटचे २० माझ्या अक्षरात होते. आमच्या इन्चार्ज सिस्टर मला त्यांच्या बेडजवळ घेऊन गेल्या. पल्स बघतेय अशा बेताने त्यांनी त्यांचं मनगट धरलं आणि मला हळूच म्हणाल्या, "चादरीकडे बघ." हॉस्पिटलची ती पातळ हिरवी चादर पोटावर भराभर वर-खाली होत होती. पूर्ण एक मिनिट आम्ही दोघी मोजत उभ्या राहिलो. ३२. ताप जेमतेम ९९, बीपी ११०, आणि ते आमच्याशी व्यवस्थित बोलत होते. संध्याकाळी त्यांना आयसीयूत हलवावं लागलं. जखमेतलं इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. त्या दिवसानंतर मी न मोजता श्वास लिहिलेला नाही.

पूर्ण एक मिनिट मोजा. पेशंटला कळू देऊ नका, कळलं की माणूस श्वास बदलतो. श्वास हा बहुतेक वेळा बीपीच्या आधी बिघडतो, म्हणून तो पहिला. मग चेहरा, घाम, हातपाय गार आहेत का, लघवी किती झाली.

६. 'न्यूज' स्कोअर काय आहे? आमच्याकडे तो फॉर्म नाही, तरी वापरता येईल का?

येईल, कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवरही मांडता येतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजन, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप या सहा गोष्टींना ० ते ३ गुण, शिवाय ऑक्सिजन लावलेला असेल तर २ जास्त. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ ला २, आणि २५ किंवा जास्त असेल तर थेट ३. पल्स १११ ते १३० ला २, १३१ पासून पुढे ३. वरचं बीपी ९० किंवा कमी असेल तर ३. पेशंट नव्यानेच गोंधळल्यासारखा बोलू लागला तर त्यालाही ३.

बेरीज ५ झाली किंवा कुठल्याही एका गोष्टीला ३ मिळाले, की डॉक्टरांनी लवकर बघायला हवं. ७ किंवा जास्त म्हणजे इमर्जन्सी. प्रश्न ५ मधल्या त्या शेतकऱ्याला केवळ श्वासाचेच ३ मिळाले असते.

या स्कोअरचा सर्वांत मोठा फायदा मला असा वाटतो की, नव्या मुलीला आपली काळजी आकड्यात मांडता येते. "बरं नाही वाटत" यापेक्षा "स्कोअर २ होता, आता ६ आहे" हे फोनवर जास्त ऐकलं जातं.

७. ऑक्सिमीटर ९७ दाखवतोय, पण पेशंट धापा टाकतोय. कशावर विश्वास ठेवू?

पेशंटवर. आधी यंत्र तपासा: बोट गार आहे का, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी आहे का, त्याच हातावर बीपीचा कफ फुगतोय का. यंत्रावरची पल्स आणि तुम्ही हाताने मोजलेली पल्स जुळत नसेल तर तो आकडा सोडून द्या. दाट वर्णाच्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हेही लक्षात असू द्या.

आणि आकडा खरा असला तरी तो फक्त रक्तातला ऑक्सिजन सांगतो. तो ९७ टिकवायला पेशंट किती कष्ट करतोय, हे तुम्हालाच बघायचंय: मानेचे स्नायू ताणले जातात का, एक वाक्य पूर्ण बोलता येतं का, आडवं झोपता येतं का.

८. रात्री डॉक्टरांना फोन करायची भीती वाटते. ओरडतील म्हणून. काय आणि कसं बोलू?

फोनआधी तीन मिनिटं द्या. पेशंट स्वतः बघा, व्हायटल्स (पल्स, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन) ताजी घ्या, फाईल आणि औषधांचा चार्ट हातात घ्या. मग चार गोष्टी क्रमाने: आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय दिसतंय आणि मला तुमच्याकडून काय हवंय. या चार गोष्टींच्या इंग्रजी शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून या पद्धतीला एसबार म्हणतात. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यांत आली. आपल्या बोलीत ती अशी होते:

"सर, मेल सर्जिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड ९ च्या पेशंटचं बीपी पडतंय. ५४ वर्षांचे आहेत, काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. तासाभरात पल्स ९२ ची १२४ झाली, बीपी १३० वरून ९६ आलं, श्वास २६ आहे, तीन तासांत लघवी ४० मिली. ड्रेनमध्ये काही नाही, पण पोट कडक लागतंय. मला रक्तस्राव किंवा इन्फेक्शनची भीती वाटते. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर ऑक्सिजन लावते. दुसरी लाइन टाकून ठेवू का?"

बहुतेक मुली शेवटचं वाक्य गाळतात. सगळं सांगून गप्प होतात आणि पलीकडून "बरं, लक्ष ठेवा" येतं. काय हवंय ते स्पष्ट मागा.

९. फोन केला, "येतो" म्हणाले आणि अर्धा तास झाला तरी आले नाहीत. आता?

फोनची वेळ, काय सांगितलं आणि काय उत्तर आलं ते लगेच नर्सेस नोट्समध्ये लिहा. दर १५ मिनिटांनी व्हायटल्स घ्या. पेशंट आणखी बिघडला किंवा ठरलेल्या वेळेत कुणी आलं नाही, तर पुन्हा फोन करा आणि स्पष्ट सांगा: "सर, मी आता रजिस्ट्रारना कळवतेय." मग रजिस्ट्रार, मग कन्सल्टंट, सोबत नाईट सुपरवायझर किंवा मेट्रन. याला चुगली समजू नका. पायरी चढून वर जाणं हा कामाचा भाग आहे. पेशंटचा श्वास थांबला, पल्स लागत नाही किंवा झटके आले, तर पायऱ्या विसरा. मदतीला ओरडा, सीपीआर किंवा श्वासमार्गाचं काम सुरू करा, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची आणि साधनांची ट्रॉली) मागवा.

१०. फोनवरची तोंडी ऑर्डर घ्यायची का?

इमर्जन्सीत घ्यावी लागते. घेताना लिहून घ्या, लिहिलेलं परत वाचून दाखवा आणि "बरोबर" असं वदवून घ्या. शक्य असेल तर दुसऱ्या स्टाफला फोन ऐकवा. आकडे सुटे म्हणा. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी", किंवा "आठ" आणि "साठ", खरखरत्या फोनवर सारखेच ऐकू येतात. म्हणून "एक-पाच, पंधरा मिलिग्रॅम". डॉक्टर वॉर्डात आले की पहिली सही त्या ऑर्डरवर घ्या. पोटॅशियम, केमोथेरपी अशी औषधं तोंडी ऑर्डरवर अजिबात सुरू करू नका.

११. औषध देताना "पाच बरोबर" पाठ आहेत, तरी चूक होते. का?

बरोबर पेशंट, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाठ असतं. पण विचारण्याची पद्धत चुकते. फीमेल वॉर्डात आपण ट्रॉली ढकलत जातो आणि म्हणतो, "शिंदेबाई ना?" कमी ऐकू येणारी, चष्मा काढून ठेवलेली, सिस्टरला नाही म्हणायला संकोचणारी आजी मान डोलावते. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा आणि ते केस पेपरशी किंवा हातातल्या पट्टीशी जुळवा. बेड नंबर ही ओळख नव्हे, कारण पेशंट पंख्याखाली जायला बेड बदलतात. जे औषध तुम्ही स्वतः भरलं नाही ते टोचू नका. लेबल नसलेली भरलेली सिरिंज दिसली तर ती टाकून द्या, कितीही महाग असो.

१२. इन्सुलिनच्या लाल आणि केशरी टोपीच्या सिरिंज वेगळ्या का? एकीऐवजी दुसरी चालते का?

नाही, आणि आपल्याकडे हा धोका खास आहे. भारतात इन्सुलिनच्या ४० युनिट प्रति मिलीच्या बाटल्या सर्रास मिळतात. पेनची कार्ट्रिज आणि काही बाटल्या १०० युनिट प्रति मिलीच्या असतात. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. आता हिशोब बघा. ऑर्डर २० युनिटची आहे, हातात १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज. २० च्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिली आला, म्हणजे ५० युनिट. अडीचपट! उलट, ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज असेल तर २० च्या रेघेवर जेमतेम ८ युनिट जातात आणि सगळे विचार करत बसतात की साखर का उतरत नाही.

बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे हे प्रत्येक वेळी मोठ्याने वाचा. जुळत नसेल तर रात्री तीनला गणित करत बसू नका, योग्य सिरिंज मागवा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढू नका. आणि जेवण बेडवर येईल की नाही याची खात्री नसेल, तर जेवणाआधीचं इन्सुलिन टोचू नका, डॉक्टरांना विचारा.

मधुमेही पेशंट घामाघूम, थरथरता किंवा चिडचिडा दिसला तर आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली आणि शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. शिरेतून डेक्स्ट्रोज लागेल, डॉक्टरांना तातडीने बोलवा.

१३. पोटॅशियम क्लोराइडची इतकी भीती का घालतात?

कारण ते थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, आणि त्याचा प्लास्टिकचा ॲम्प्यूल कित्येकदा डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्यूलसारखाच दिसतो. १५ टक्क्यांच्या १० मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. ते कायम सलाईनमध्ये मिसळूनच, ठरलेल्या वेगाने जातं; हाताच्या शिरेतून साधारणपणे तासाला १० पेक्षा जास्त नाही. लघवी होतेय का ते सुरू करण्याआधी बघा.

टांगलेल्या बाटलीत वरून टोचू नका. जड औषध तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी, बसतं आणि सगळं एकदम जातं. बाटली काढा, औषध घाला, दहा वेळा उलटसुलट करा, लेबल लावा, मग टांगा. आणि आजच वॉर्डात बघा: हे ॲम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरच्याच डब्यात आहेत का? असतील तर वेगळ्या डब्यात, लाल अक्षरांच्या चिठ्ठीखाली ठेवा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

१४. ऑर्डर लिहिलेली आहे, पण मला ती देणं बरोबर वाटत नाही. थांबवली तर माझ्यावर येईल का?

विचारण्यासाठी थांबवणं हे तुमचं कर्तव्यच आहे. गुपचूप गाळणं मात्र चूक. बीपीची गोळी लिहिलीय आणि वरचं बीपी ९२ आहे. डिगॉक्सिन (पल्स कमी करणारं हृदयाचं औषध) लिहिलंय आणि पल्स ५२ आहे: गोळी हातातच ठेवा, फोन करा, काय ठरलं ते वेळेसह लिहा.

सर्वांत चांगलं उदाहरण मॅग्नेशियम सल्फेटचं. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्याच: गुडघ्याखाली हळूच ठोकल्यावर पाय उडतोय, श्वास १६ किंवा जास्त आहे आणि चार तासांत निदान १०० मिली लघवी झालीय. यातली एक जरी नसेल तरी डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचं. उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिली बेडजवळच्या ट्रेमध्ये हवेत, स्टोअरच्या कुलपात नकोत. ऑर्डरवर सही डॉक्टरांची असली तरी सुई तुमच्या हातात आहे.

१५. रक्त चढवताना पेशंटला थंडी वाजली. वेग कमी करून चालेल का?

नाही. आधी रक्त बंद करा. सेट बदलून नॉर्मल सलाईनने शीर चालू ठेवा, व्हायटल्स घ्या, डॉक्टरांना बोलवा, पिशवीवरचं नाव, नंबर आणि गट पेशंटशी पुन्हा जुळवा. पिशवी आणि सेट फेकू नका, रक्तपेढीत परत जायचंय. साधी थंडी आहे की चुकीच्या गटाच्या रक्ताच्या रिॲक्शनची सुरुवात आहे, हे पहिल्या मिनिटाला कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच सुरू करण्याआधी दोघींनी बेडजवळ तपासायचं आणि पहिली १५ मिनिटं पेशंटजवळच थांबायचं.

१६. पेशंट नुसतं "कसंतरीच होतंय" म्हणतो. याचा अर्थ काय घ्यायचा?

माझ्या मते हा या यादीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. आपले पेशंट पुस्तकातली लक्षणं सांगत नाहीत. "जीव घाबरा होतोय", "छातीत भरून आल्यासारखं वाटतंय", "अंगातलं त्राणच गेलं", "पित्त झालंय", "डोळ्यापुढे अंधारी येते". साठीच्या मधुमेही बाई रात्री म्हणतात, "पित्त वर आलंय, इनो द्या." त्यांना घाम आहे का, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात कळ आहे का, हे विचारल्याशिवाय इनो देऊ नका. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हार्ट अटॅक कित्येकदा असाच, छातीत मोठी कळ न येता, येतो. ईसीजी काढायला लावा. नॉर्मल निघाला तर आनंदच आहे.

"मी आता वाचत नाही" असं पेशंट म्हणाला तर समजूत घालण्याआधी व्हायटल्स घ्या. आणि नातेवाईक म्हणाले, "आज हे वेगळेच वाटतायत, रोज असे बोलत नाहीत", तर हातातलं काम ठेवून उठा. त्यांनी तो माणूस तीस वर्षं पाहिलाय, आपण तीन दिवस. नेमकं काय वेगळं ते विचारा आणि त्यांचेच शब्द नोट्समध्ये लिहा. मराठी नीट न येणारा पेशंट असेल, तर त्याची भाषा जाणणाऱ्या मावशींना किंवा मामांना बोलवा.

१७. हे आकडे लहान मुलं, बाळंतिणी, म्हाताऱ्या माणसांनाही लागू होतात का?

नाही. न्यूज स्कोअर १६ वर्षांखाली आणि गरोदरपणात वापरत नाहीत. मुलांचा श्वास वेगळा मोजायचा: दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर तो जलद.

बाळंतीण तरुण असते, तिचं शरीर रक्त जात असतानाही बीपी बराच वेळ धरून ठेवतं. बीपी पडायची वाट बघू नका. पल्स चढतेय का, पॅड किती वेळात भिजलं, पोटावरून गर्भाशय मऊ लागतंय का ते बघा. पांघरुणाखाली, कमरेच्या मागे रक्त साचतं, तिथे हात घालून बघा.

म्हाताऱ्या माणसांना मोठं इन्फेक्शन असूनही ताप नसतो. कालपर्यंत नातवंडांची नावं घेणारे आजोबा आज असंबद्ध बोलतात, एवढंच लक्षण असतं. "वय झालंय" म्हणून सोडू नका. बीटा ब्लॉकर (पल्स आणि बीपी कमी करणारी औषधं) घेणाऱ्यांची पल्स शॉकमध्येही ८० च दिसू शकते. आणि जुन्या दम्याच्या, सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या) ज्या पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांचं ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं; ९९ करायला गेलात तर पेशंट गुंगीत जाऊ शकतो.

१८. माझ्याकडून चुकीचं औषध गेलं. कुणाला कळलं नाही. सांगू का?

सांगा, लगेच. लपवण्यात गेलेलं प्रत्येक मिनिट पेशंटचं असतं.

प्रश्न ११ मधल्या "शिंदेबाई ना?" ची चूक मी स्वतः केली आहे. एकीची बीपीची गोळी दुसरीला दिली, पाणीही मीच पाजलं. ट्रॉली पुढच्या बेडजवळ नेली, चार्टवर सही करायला गेले आणि बेड नंबर बघून हात गार पडले. इन्चार्जना सांगितलं तेव्हा आवाज फुटत नव्हता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्यांचं बीपी किती आहे आत्ता?" दर १५ मिनिटांनी बीपी घेतलं, ते ९४ पर्यंत उतरलं, डॉक्टरांनी सलाईन सुरू केलं, संध्याकाळी बाई चहा पीत बसल्या होत्या. त्यांना आणि त्यांच्या मुलालाही आम्ही खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून एकाच आडनावाच्या पेशंटच्या फाईलवर पिवळी पट्टी लागायला लागली.

क्रम तोच ठेवा: आधी पेशंट, मग डॉक्टर, मग इन्चार्ज, मग घडलं तसं लिहिणं. चार्टमध्ये खाडाखोड नको. चूक होता होता टळली असेल तर तीही कळवा. औषध बरोबर देऊनही विपरीत परिणाम झाला, तर भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर नर्सलाही कळवता येतं. वापरलेली सुई तुम्हालाच टोचली असेल तर ती जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करा. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही.

१९. एका सिस्टरमागे चाळीस पेशंट. यातलं सगळं शक्य तरी आहे का?

सगळं शक्य नाही, आणि हे दुखणं नजर तयार करून भरून येणारं नाही. माणसं कमी आहेत हे अधिसेविकांना लेखी कळवा, तारखेसह, दर वेळी. पण आजची रात्र तर काढायचीच आहे. ओव्हर घेतानाच पाच-सहा पेशंट निवडा: आजच ऑपरेशन झालेले, आजच आयसीयूतून आलेले, ऑक्सिजनवरचे, रक्त किंवा धोक्याचं औषध चालू असलेले, आणि ज्यांच्याबद्दल आधीच्या सिस्टरने "जरा बघ गं" म्हटलंय ते. त्यांचे बेड काउंटरच्या जवळ घ्या. त्यांना आधी बघा, मग औषधांची ट्रॉली. मावशींना सांगून ठेवा की कुणी उठून बसला, कुणी उलटी केली, कुणी हाक मारूनही उठला नाही, तर आधी मला हाक मारा.

२०. वॉर्डात आग लागली तर नर्सने आधी काय करायचं?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. १० बाळं गेली, ७ वाचवता आली. ते वाचल्यापासून मी प्रत्येक बॅचला वॉर्डातून चालत नेते आणि दाखवायला लावते: दुसरं दार कुठे, त्याची किल्ली कुणाकडे, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आणि तो कोण बंद करणार. आगीजवळच्यांना आधी बाहेर, ओरडून मदत, दार बंद करून धूर अडवणं, आणि मग शक्य असेल तरच विझवणं. ऑक्सिजन तोडला की कोणाला हाताने अंबू (दाबून श्वास देण्याची पिशवी) द्यावा लागेल, हे आधीच ठरलेलं हवं. जळका वास, ठिणगी, तापलेला प्लग दिसला तर सकाळची वाट न बघता रात्रीच इलेक्ट्रिशियनला बोलवा.

२१. स्कोअर शून्य, सगळे आकडे ठीक, तरी मन म्हणतंय काहीतरी चुकतंय. फोन करू का?

करा. आधी पुन्हा एकदा जवळ जा आणि मन नेमकं कशाला अडलंय ते शोधा. बहुतेक वेळा काहीतरी सापडतं: रंग जरा मळकट दिसतोय, ओठ कोरडे आहेत, रोज पेपर मागणाऱ्याने आज मागितला नाही, पायाची बोटं गार आहेत, लघवीच्या पिशवीतली रेघ दोन तासांत हललेली नाही. ते सापडलं की तेच फोनवर सांगा. काहीच सापडलं नाही तर तसंही सांगा: "मॅडम, आकडे ठीक आहेत, पण पेशंट मला दुपारसारखा वाटत नाही. एकदा बघून जाल का?" मग पुढचे दोन तास दर अर्ध्या तासाने त्या बेडजवळ जा, आणि सकाळच्या ओव्हरमध्ये त्या पेशंटचं नाव सगळ्यात आधी घ्या.